मोटारीचा क्लच आणि चालकाचा पाय



बोरघाटांतील गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला. त्यानंतर कित्येक वर्षें या घाटानें बैलगाड्या कोंकणांतून देशावर चढत आल्या. चढावर बैल थकले म्हणजे गाडीवान खालीं उतरे, चाकामागें एक धोंडा सरकवी आणि मग बैलांना विसांवा देई. ओझें तोलून धरण्याचें काम धोंड्याचें आणि ओढण्याचें काम बैलांचें, हा भेद त्या निरक्षर गाडीवानास पक्का ठाऊक होता. आज त्याच घाटांतून मोटारी जातात. त्या चालविणारे बहुधा शिकलेसवरलेले असतात. पण हा भेद मात्र पुष्कळांच्या ध्यानांत राहिलेला नाहीं. त्याची किंमत मोटारीच्या ज्या भागाला मोजावी लागते त्याचें नांव क्लच. आजचें भाषण त्याच्याविषयीं आहे.

मे महिन्यांतील एका रविवारची दुपार डोळ्यांपुढें आणावी. मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांची घाटांत मोठी रांग लागली आहे. त्या रांगेंत एक पांढरी मोटार आहे. चालविणारे गृहस्थ पन्नाशीचे, पुण्यांतील एका कचेरींत काम करणारे, शेजारीं पत्नी, मागें सत्त्याहत्तर वर्षांची आई आणि कॉलेजांत जाणारी मुलगी. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरलेली आहे. रांग चार हात पुढें सरकते आणि पुन्हां थांबते. ती थांबली कीं हे गृहस्थ ब्रेकला पाय लावीत नाहींत. क्लच अर्धवट सोडून, एंजिनाला जरा जोर देऊन, ते गाडी चढावर तोलून धरतात. गाडी मागें येत नाहीं आणि पुढेंहि जात नाहीं. हें आपलें विशेष कौशल्य आहे असें त्यांना मनापासून वाटतें.

थोड्या वेळानें आई म्हणाली, "अरे, कांहीं जळतंय का? केस जळल्यासारखा वास येतोय."

"पुढच्या ट्रकचा असेल गं," चिरंजीव म्हणाले.

आणखी दोन वळणें झालीं आणि एंजिन मोठ्यानें घोंघावूं लागलें. पण गाडी कांहीं पुढें सरकेना. उलट ती हळूहळू मागें येऊं लागली. गृहस्थांनीं घाबरून ब्रेक दाबला, तेव्हां मागच्या ट्रकमध्यें आणि मोटारींत हातभर अंतर उरलें होतें. ट्रकचा वयस्क ड्रायव्हर खालीं उतरून आला. त्यानें वास घेतला आणि शांतपणें म्हणाला, "साहेब, क्लच जाळलात. आतां एंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा. चाकामागें मी दगड लावतो. आजींना उतरवून सावलींत बसवा."

ती मोटार अखेर टोचन करून पुण्यास आणावी लागली. मंडळी घरीं पोहोंचली तेव्हां मध्यरात्र उलटून गेली होती. उन्हानें व दगदगीनें आईचा रक्तदाब वाढला आणि शस्त्रक्रिया पुढें ढकलावी लागली. त्या दुपारीं मोटारीच्या पोटांत काय घडलें आणि तें कसें टळलें असतें, हें समजून घेणें कठीण नाहीं.

त्यासाठीं आधीं एंजिनाचा स्वभाव ओळखला पाहिजे. पेट्रोलचें किंवा डीझेलचें एंजिन बैलासारखें नसतें. बैल उभा राहतो आणि उभ्याउभ्याच जोर लावून गाडी हलवितो. एंजिनाला तें साधत नाहीं. गाडी उभी असतांनाहि एंजिनाला मिनिटाला सातशें-आठशें फेरे घेत राहावेंच लागतें. त्याचा वेग याच्या फार खालीं आला तर तें बंद पडतें. इकडे चाकें तर अगदीं स्थिर असतात. एक फिरतें आणि एक स्थिर, अशा दोघांची गांठ एकदम घातली तर गाडीला जबर हिसका बसेल आणि एंजिन तरी बंद पडेल. म्हणून दोघांमध्यें एक मध्यस्थ ठेवावा लागतो. तो मध्यस्थ म्हणजे क्लच.

त्याची रचना थोडक्यांत अशी असते. एंजिनाच्या दांड्याच्या टोंकाला लोखंडाचें एक जड, सपाट चाक असतें; त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्याच बरोबर फिरणारी दुसरी लोखंडी चकती म्हणजे प्रेशर प्लेट. या दोहोंच्या मध्यें, दोन तव्यांमध्यें भाकरी धरावी तशी, क्लच-प्लेट असते. तिच्या दोन्ही बाजूंस खरखरीत अस्तर बसविलेलें असतें आणि तिचा संबंध गिअरच्या पेटीशीं व तेथून चाकांशीं असतो. एक बळकट स्प्रिंग प्रेशर प्लेटला रेटून ही भाकरी दोन तव्यांमध्यें घट्ट दाबून ठेवते. चालकानें पेडल दाबलें म्हणजे स्प्रिंगचा दाब दूर होतो, प्लेट मोकळी होते आणि एंजिन व चाकें यांचा संबंध तुटतो. पेडल सोडलें कीं संबंध पुन्हां जुळतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. पेडल पूर्ण दाबलेलें असतांना प्लेट झिजत नाहीं, कारण तिला कोणी स्पर्शच करीत नाहीं. पेडल पूर्ण सोडलेलें असतांनाहि ती झिजत नाहीं, कारण तेव्हां तिन्ही चकत्या एकजीव होऊन एकाच वेगानें फिरतात. प्लेट झिजते ती केवळ या दोन अवस्थांच्या मधल्या काळांत, जेव्हां लोखंड वेगानें फिरत असतें आणि अस्तर त्याच्यावरून घसरत असतें. चालक मंडळी या अवस्थेला हाफ क्लच म्हणतात.

विहिरीवर पाणी शेंदलेल्या कोणासहि हें चटकन समजेल. भरली घागर ओढतांना दोर मुठींत घट्ट धरला तर हाताला कांहीं होत नाहीं. दोर अजिबात सोडून दिला तरी हाताला इजा होत नाहीं. घागर तेवढी जाते. परंतु मूठ अर्धवट आवळून दोर सरसर घसरूं दिला तर क्षणांत तळहाताची सालटी निघते. क्लच-प्लेटचें अस्तर म्हणजे मोटारीचा तळहात होय.

गाडी सुरू करतांना थोडें घसरणें अटळ आहे. क्लचची योजनाच मुळीं त्यासाठीं केलेली आहे. प्रश्न आहे तो किती वेळ घसरावें याचा. यासाठीं थोडें गणित करून पाहूं या. माणसांसह एक हजार किलोग्रॅम वजनाची लहान मोटार घ्यावी. एंजिन मिनिटाला दीड हजार फेरे घेत असतांना पहिल्या गिअरमध्यें तिचा वेग ताशीं सुमारें अकरा किलोमीटर होतो. सपाट रस्त्यावर उभी असलेली ही गाडी या वेगास पोहोंचेपर्यंत क्लचमध्यें जी उष्णता निर्माण होते ती सुमारें साडेचार हजार ज्यूल भरते. एक लिटर पाणी जेमतेम एका अंशानें तापेल इतकीच ही उष्णता. यानें क्लचचें कांहींहि बिघडत नाहीं.

आतां तीच गाडी दहास एक अशा चढावर, म्हणजे दहा पावलें पुढें जातांना एक पाऊल वर चढणाऱ्या रस्त्यावर, हाफ क्लचवर तोलून धरावी. एंजिनाचे फेरे तेच दीड हजार. या वेळीं क्लचमध्यें दर सेकंदाला सुमारें तीन हजार ज्यूल उष्णता उत्पन्न होते. म्हणजे तीन हजार वॅट. घरांतील विजेची मोठी शेगडी दोन हजार वॅटची असते. तसली दीड शेगडी एका बंद पेटींत पेटवून ठेवावी तसा हा प्रकार झाला. असें एक मिनिट तोलून धरणें आणि सपाट रस्त्यावर चाळीस वेळां गाडी सुरू करणें, हीं दोन्ही क्लचच्या दृष्टीनें सारखींच. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मिळून नऊ-दहा किलोग्रॅम लोखंड धरलें, तर त्या एका मिनिटांत तें सारें लोखंड सुमारें चाळीस अंशांनीं तापतें. त्याला निवण्यास अवसर न देतां असें पांच-सहा मिनिटें केलें म्हणजे अस्तरांतील राळेसारखीं चिकट द्रव्यें करपूं लागतात. आईला जो केस जळल्याचा वास आला तो हाच.

करपलेलें अस्तर कांचेसारखें गुळगुळीत होतें. गुळगुळीत झालें कीं तें अधिक घसरतें; अधिक घसरलें कीं अधिक तापतें. एकदां हें दुष्टचक्र सुरू झालें म्हणजे वर्षांनुवर्षें टिकणारी प्लेट एका दुपारींत संपते. म्हणूनच क्लचचें आयुष्य किलोमीटरांत मोजणें फारसें खरें नव्हे. एकाच कारखान्यांतून एकाच दिवशीं निघालेल्या दोन मोटारींपैकीं एकीची प्लेट लाख किलोमीटर चालते आणि दुसरीची वीस हजारांत जाते, याचें कारण गाड्यांत नसून पायांत असतें.

अस्तर कशाचें असावें याचा शोध माणसानें पुष्कळ केला. आरंभींच्या मोटारींत क्लच शंकूच्या आकाराचा असे व त्यावर चामडें मढविलेलें असे. तें कोरडें पडून आवळलें तर चालक त्याला तेल चोळीत, आणि फार घसरूं लागलें तर त्यावर मातीची बारीक पूड टाकीत. इंग्लंडांत हर्बर्ट फ्रूड यांनीं १८९७ सालीं घर्षणद्रव्यांच्या उद्योगास आरंभ केला. शेतकरी आपल्या गाड्यांच्या ब्रेकला जुन्या बुटांचें चामडें लावतात हें पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असें सांगतात. पुढें चामड्याची जागा ॲस्बेस्टॉसनें घेतली. तें उष्णतेला दाद देत नसे. परंतु त्याची धूळ फुफ्फुसांत गेल्यास कर्करोगासारखे प्राणघातक विकार होतात हें सिद्ध झाल्यावर अनेक देशांनीं त्यावर बंदी घातली. ब्रिटनमध्यें ती १९९९ सालीं आली. आतां कांचेचे तंतु, तांब्या-पितळेच्या तारा आणि राळ यांच्या मिश्रणाचीं अस्तरें सर्वत्र वापरतात. द्रव्यें अशीं सुधारत गेलीं. तरी झिजण्यासाठीं उपलब्ध असलेला थर दोन्ही बाजूंस मिळून दोन-अडीच मिलिमीटरांहून अधिक नसतो. तो कसा खर्च करावयाचा हें प्रत्येक चालकाच्या हातीं, खरें म्हणजे डाव्या पायीं, आहे.

हा थर वायां घालविणाऱ्या संवयी कोणत्या, तें आतां पाहूं.

पहिली संवय चढावर गाडी तोलून धरण्याची. तिच्याविषयीं वर सांगितलेंच आहे. तिच्यावरील उपाय म्हणजे गाडीवानाचा धोंडा; मोटारींत त्याचें नांव हँडब्रेक. चढावर गाडी थांबली कीं हँडब्रेक ओढावा, गिअर मोकळा करावा आणि दोन्ही पायांना विश्रांति द्यावी. निघतांना पहिला गिअर घालून एंजिनाला बेताचा जोर द्यावा व क्लच हळूहळू वर येऊं द्यावा. एंजिनाचा आवाज किंचित् दबला आणि गाडीचें तोंड जरासें उचलल्यासारखें वाटलें, कीं क्लचनें पकड घेतली असें समजावें. त्याच क्षणीं हँडब्रेक सोडावा आणि गाडी चालूं लागतांच क्लचवरून पाय पूर्ण काढावा. हें सारें दोन-तीन सेकंदांचें काम आहे. रविवारीं सकाळीं एखाद्या निर्जन चढावर दहा-वीस वेळां सराव केला तर तें अंगवळणीं पडतें. अलीकडच्या अनेक मोटारींत चढावर ब्रेक सोडल्यावरहि दोन सेकंद गाडी धरून ठेवणारी योजना असते. तिचा लाभ अवश्य घ्यावा, पण तिच्यावर विसंबून हँडब्रेकचा अभ्यास टाकूं नये.

दुसरी संवय शहरांतील गर्दीची. पुढची गाडी हातभर सरकली कीं आपणहि हातभर सरकावें, या घाईनें चालक तासाभरांत शेंकडों वेळां क्लच घसरवितो. त्याऐवजीं पुढें दोन-तीन गाड्यांइतकी जागा होऊं द्यावी, मग पहिल्या गिअरमध्यें निघून क्लच पूर्ण सोडून द्यावा. सपाट रस्त्यावर एंजिन आपल्या मंद गतीनेंच गाडी ताशीं पांच-सहा किलोमीटर वेगानें चालवूं शकतें. गर्दीला तेवढा वेग पुष्कळ झाला. मोकळ्या जागेंत एखादा रिक्षावाला घुसेल हें खरें. पण रिक्षा पुढें गेल्यानें जाणारा अर्धा मिनिट आणि गिअरची पेटी उतरवून बदलावी लागणारी प्लेट, यांची तुलना गृहस्थाश्रमी माणसानें करून पाहावी.

तिसरी संवय क्लचच्या पेडलवर पाय ठेवून बसण्याची. चालकाला वाटतें कीं आपण पाय नुसता टेकविला आहे. पण पायाचें वजन स्प्रिंगचा दाब कांहीं अंशीं कमी करतें आणि चढावर किंवा वेग वाढवितांना प्लेट नकळत घसरूं लागते. शिवाय प्रेशर प्लेटची स्प्रिंग मोकळी करणारें जें बेअरिंग असतें त्यावर सतत भार पडून तें लवकर खराब होतें. थेंबे थेंबे तळें साचतें, तसेंच तें आटतेंहि. गिअर बदलून झाला कीं डावा पाय पेडलवरून काढून बाजूला जमिनीवर ठेवावा, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. सिग्नलपाशीं पेडल दाबून मिनिट मिनिट थांबणाऱ्यांची प्लेट झिजत नाहीं. पण त्यांचेंहि हेंच बेअरिंग झिजतें. तेथें गिअर मोकळा करून पाय काढावा हें बरें.

चौथी संवय अवेळीं घाई करण्याची. एंजिन जोरानें घोंघावत ठेवून क्लच सोडला तर उष्णता फार वाढते. फेरे दुप्पट झाले तर उष्णता दुप्पट होत नाहीं, चौपट होते. पहिला गिअर टाळून दुसऱ्यावर गाडी उचलणारे लोकहि असतात; त्यांच्या एकेका प्रारंभास नेहमींच्या तिपटीहून अधिक उष्णता क्लचला सोसावी लागते. गाडी पूर्ण थांबली असेल तर पहिलाच गिअर घालावा. गाडींत मर्यादेबाहेर ओझें भरणें आणि दुसरें वाहन बांधून ओढणें यांचाहि परिणाम याच जातीचा आहे.

संवयींखेरीज कांहीं दोष यंत्राचेहि असतात, ते थोडक्यांत सांगतां येतील. एंजिनाच्या किंवा गिअरच्या पेटीच्या तोंडाशीं असलेलें ऑइल सील फाटलें तर तेल अस्तरावर येतें आणि प्लेट घसरूं लागते. अशा वेळीं सील न बदलतां नुसती प्लेट बदलणें म्हणजे गळक्या छपराखालीं भिंत रंगविणें होय. ज्या गाड्यांत क्लच तारेनें ओढला जातो त्यांत तार फार ताणलेली असेल तर चालकाचा पाय नसतांनाहि पेडल किंचित् दाबल्यासारखी स्थिति राहते. म्हणून पेडलला किती ढिलाई असावी हें गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकांत पाहून तेवढी ठेवावी. तेलाच्या दाबानें चालणाऱ्या क्लचमध्यें गळती झाली तर क्लच पूर्ण सुटत नाहीं आणि गिअर घालतांना करकर आवाज येतो. त्याकडे दुर्लक्ष करूं नये.

येथें एका घातक समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. क्लच आणि पेट्रोल वांचविण्याच्या हेतूनें कांहीं लोक घाट उतरतांना क्लच दाबून धरतात किंवा गिअर मोकळा करतात. असें केल्यानें एंजिनाची गाडीला अडवून धरण्याची शक्ति नाहींशी होते आणि सारा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापत जाऊन ऐन वळणावर ते निकामी झाले तर त्या क्षणीं कोणतें कौशल्य उपयोगीं पडणार? यांत बचतहि नाहीं. हल्लींच्या एंजिनांत, गिअर घातलेला असून ॲक्सिलरेटरवर पाय नसेल तर उतारावर इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. उलट गिअर मोकळा केल्यास एंजिन चालूं ठेवण्यासाठीं इंधन जळतच राहतें. क्लच पूर्ण सोडलेला असला म्हणजे तो झिजत नाहीं, हें वर आलेंच आहे. तेव्हां उतरतांना बेताचा खालचा गिअर असावा आणि डावा पाय पेडलपासून दूर असावा. क्लच जळाला तर पैसा जातो. ब्रेक गेले तर माणसें जातात.

क्लच जाण्यापूर्वीं बहुधा सूचना देतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग त्या मानानें वाढत नाहीं. ही पहिली व सर्वांत महत्त्वाची खूण. पेडल पुष्कळ वर आल्यावर पकड घेतली जाते, निघतांना गाडी थरथरते, चढावर करपट वास येतो, या इतर खुणा. शंका आल्यास एक परीक्षा करतां येते. सपाट जागीं, पुढें-मागें कोणी नाहीं असें पाहून, हँडब्रेक घट्ट ओढावा व पायाचा ब्रेकहि दाबून ठेवावा. मग तिसरा गिअर घालून क्लच हळूहळू पूर्ण सोडावा. क्लच निरोगी असेल तर एंजिन तात्काळ बंद पडेल. तें फिरतच राहिलें तर प्लेट घसरते आहे असें समजून लगेच पेडल दाबावें आणि एंजिन थांबवावें. ही परीक्षा एकदांच करावी; वारंवार केल्यास ती स्वतःच झिजेचें कारण होईल. घाटांत वास आलाच तर सुरक्षित जागीं गाडी कडेला घेऊन एंजिन बंद करावें आणि अर्धा तास तरी क्लच निवूं द्यावा. वेळींच थांबलेला क्लच पुष्कळदां सांवरतो.

दुरुस्तीची वेळ आली तर गिअरची पेटी खालीं उतरवावी लागते आणि मजुरीचा मोठा भाग त्यांतच जातो. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हीं तिन्ही बहुधा एकाच वेळीं बदलतात, आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासून घेतात. जुन्या गाडीच्या क्लचमधील धूळ मात्र फुंकून किंवा हवेच्या झोतानें उडवूं देऊं नये. तिच्यांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें. ओल्या फडक्यानें ती टिपून घ्यावी. मुलें गॅरेजमध्यें कुतूहलानें जवळ जातात, त्यांना दूर ठेवावें.

ज्यांच्या गाडीला क्लचचें पेडलच नाहीं त्यांनींहि अगदीं निश्चिंत राहूं नये. गिअर आपोआप बदलणाऱ्या अनेक स्वस्त मोटारींत नेहमींचाच क्लच असतो. त्याला दाबण्याचें काम पायाऐवजीं यंत्र करतें, इतकेंच. अशी गाडी चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर तोलून धरली तर तिचाहि क्लच तसाच तापतो. गिअर नसलेल्या स्कूटरचीहि गोष्ट तीच. मोटारसायकलचा क्लच बहुधा तेलांत बुडालेला असतो; त्यासाठीं निर्मात्यानें सांगितलेलेंच तेल वापरावें, मोटारीचें उरलेलें तेल ओतूं नये. विजेवर चालणाऱ्या मोटारींत मात्र क्लचची आवश्यकताच बहुधा उरत नाहीं, कारण विजेची मोटर बैलाप्रमाणें उभ्या जागेवरूनच जोर लावूं शकते. परंतु पेट्रोल व डीझेलच्या लक्षावधि गाड्या रस्त्यांवर आहेत, तोंवर डाव्या पायाचें शिक्षण टाळतां येणार नाहीं.

त्या गृहस्थांची मोटार गॅरेजमध्यें उघडली तेव्हां मिस्त्रीनें जुनी प्लेट त्यांच्या हातीं दिली. अस्तर करपून काळें पडलें होतें आणि रिव्हिटांचीं डोकीं उघडीं पडलीं होतीं. फ्लायव्हीलवर निळसर डाग उठले होते.

"गाडी अवघी तीन वर्षांची आहे हो. मालच खराब असेल," गृहस्थ म्हणाले.

मिस्त्री वयानें लहान होता, पण भीड धरणारा नव्हता. तो म्हणाला, "काका, माल खराब असता तर सहा महिन्यांत गेला असता. प्लेट तीन वर्षांत नाही गेली, त्या दुपारी गेली. सिग्नलला उभे असता तेव्हां पाय कुठं असतो तुमचा?"

गृहस्थांनीं उत्तर दिलें नाहीं. पण पुढील रविवारीं पहाटे ते मुलीला घेऊन वस्तीबाहेरच्या एका चढावर गेले. मुलगी नुकतीच गाडी शिकत होती. हँडब्रेक ओढून, क्लचची पकड ओळखून, हँडब्रेक सोडण्याचा अभ्यास दोघांनींहि केला. आणि मुलीला तो वडिलांच्या आधीं साधला.

आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया तीन आठवड्यांनीं झाली आणि ती उत्तम पार पडली. त्यानंतर पुन्हां एकदां ही मंडळी मुंबईहून घाटानें येत होती. रांग लागलेलीच होती. गाडी थांबली, हँडब्रेक ओढल्याचा करकर आवाज झाला आणि मागून आईनें विचारलें, "काय झालं रे?"

"कांहीं नाही, आई. चाकामागं दगड लावला," चिरंजीव म्हणाले.

त्या दिवशीं वास आला तो फक्त पावसानें भिजलेल्या मातीचा.